वळचणीची राख

गेल्या मे महिन्यात माझी नणंद मुलांना घेऊन पुण्याहून आली होती. दुपारची वेळ. आत्याबाई सोप्यात आडव्या झाल्या होत्या आणि आम्ही दोघी कुरडयांचा चीक आटोपून नुकत्याच टेकलो होतो. इतक्यात परसातून धाकट्या भाच्याची आरोळी आली, "मामी, कोंबडीला फिट आली! मरतीय ती!"

धावत जाऊन बघते तो काय, आमची कवडी जुन्या टायरात एका अंगावर पडलेली. एक पाय लांब ताणलेला, पंख पसरलेले, पिसं फुललेली, डोळे अर्धे मिटलेले. मध्येच पंखानं फर्रकन माती अंगावर उडवायची, मान जमिनीला घासायची आणि पुन्हा मेल्यासारखी पडायची. भाचा अगदी रडकुंडीला आला. मी म्हटलं, "थांब, गंमत बघ." दहा-पंधरा मिनिटांनी बाईसाहेब उठल्या, अंग असं झाडलं की धुळीचा लोट उठला, आणि न्हाऊन आलेल्या बाईनं केस झटकावेत तशा ऐटीत दाणे टिपायला निघून गेल्या.

तर मैत्रिणींनो, ही कोंबडीची अंघोळ. पाण्याची नव्हे, मातीची. ज्यांच्या परसात दोन-चार कोंबड्या आहेत त्या म्हणतील, यात नवल ते काय? आमच्या कोंबड्या तर रोजच उकिरड्यावर लोळतात! मलाही तसंच वाटायचं. पण या अंघोळीच्या मातीत चुलीतली राख असली तर काय होतं आणि ती एकाएकी नाहीशी झाली तर काय होतं, हे मी फार महागात शिकले. म्हणून आज लिहायला बसले आहे.

आम्ही उंब्रजचे. सातारा सोडून कराडकडे यायला लागलं की महामार्गावर लागतं ते उंब्रज. तारळी नदी इथंच कृष्णेला मिळते. गाव आता पुष्कळ वाढलं, दुकानं झाली, पण आमच्या आळीत अजून घरामागं परस आहे आणि परसात कोंबड्या आहेत. आमच्या आठ. त्या आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या. 'आमच्या' म्हणायची सोय नाही, कारण कोंबड्या त्यांच्या, अंडी त्यांची आणि अंड्यांचे पैसेही त्यांचेच. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तरच अंडी देते, तेव्हा आठ कोंबड्यांची ती कमाई काय असणार! पण ती हळदीच्या जुन्या डब्यात साठायची, आणि तिचा हिशेब मामंजींनीही हयातभर कधी विचारला नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष राहिलं होतं. शिवाजी विद्यापीठाचा परीक्षेचा अर्ज भरायचा होता आणि घरात नेमका उसाच्या लागणीचा खर्च निघालेला. तेव्हा आत्याबाईंनी तो हळदीचा डबा माझ्यापुढं पालथा केला. पिवळ्या पडलेल्या नोटा मी कॉलेजच्या खिडकीत दिल्या तेव्हा कारकुनानं वास घेऊन बघितला होता!

त्याच बी.ए.च्या जोरावर आज मी शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. असो.

आत्याबाईंचा दिवस पहाटे चुलीपासून सुरू व्हायचा. रात्रीची राख त्या उलथन्यानं पुढं ओढायच्या, वरून तळहात धरून एखादा निखारा जिवंत राहिलाय का ते बघायच्या आणि घमेल्यात भरायच्या. थोडी भांड्यांना, थोडी शेवग्याच्या बुडाला, आणि उरलेली परसात वळचणीला. आमच्या घराला तेव्हा कौलं होती आणि छप्पर चांगलं हातभर पुढं आलेलं. पावसाच्या पागोळ्या पुढं पडायच्या आणि आत भिंतीलगत एक पट्टा ऐन आषाढातही कोरडा राहायचा. त्या पट्ट्यात वर्षानुवर्षांची माती आणि राख मिसळून भुकटी झालेली. कोंबड्या तिथंच खड्डे करून लोळायच्या. मला ती राख टाकायची जागा वाटायची. सकाळी झाडताना पायाला राखाडी लागते म्हणून मी नाकही मुरडायची.

घरात गॅस होताच, पण भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवर. २०१७ च्या दिवाळीआधी आम्ही घराचं काम काढलं. कौलं जाऊन स्लॅब आला, चूल गेली, पाण्याला गीझर आला. आणि परसात दारापासून कुंपणापर्यंत सिमेंटचा कोबा. तो आग्रह माझा. पावसाळ्यात चिखल तुडवून तुडवून जीव नकोसा व्हायचा हो! कोबा घालताना गवंड्यानं वळचणीची ती राखमाती खोऱ्यानं ओढली आणि ट्रॉलीत भरून टाकली. आत्याबाई उभ्या होत्या. एवढंच म्हणाल्या, "आन् कोंबड्या?"

मी म्हटलं, "कोंबड्यांना काय झालं? कोब्यावर फिरतील. उलट स्वच्छ राहतील."

त्या वर्षी काही जाणवलं नाही. उन्हाळ्यात कोंबड्या कुंपणाखालून शेजारच्या रानात जायच्या, तिथं ढेकळांत लोळायच्या. पण २०१८ चा पावसाळा लागला, रान चिखलानं भरलं आणि त्यांना कोरडी माती म्हणून कुठं उरली नाही.

आषाढात कवडी खुडूक झाली. (ही आताची कवडी नव्हे, हिची आई.) आत्याबाईंनी तिला ११ अंड्यांवर बसवलं. टोपलीत एक कोळसा आणि एक लाल मिरची ठेवली. टोपलीच्या तळाला त्या नेहमी राखेचा थर देत; या खेपेला राख नव्हती म्हणून मी गव्हाचा भुसा घातला. रवणावरची कोंबडी दिवसातून एकदाच उठते हे तुम्हाला ठाऊक असेल. घाईघाईनं दाणा-पाणी करायचं, अंगाला माती लावायची आणि अंडी गार व्हायच्या आत परत जायचं. कवडी उठायची, दाणे खायची आणि कोब्यावर येऊन पायानं खरडायची. मग चक्क सिमेंटवर आडवी पडून पंख मारायची, मान घासायची. अंगावर मातीचा कण नाही, पण सगळं साग्रसंगीत! मला इतकं हसू आलं की मी मोबाइलवर त्याची चित्रफीत घेतली आणि बहिणीला पाठवली.

सतराव्या दिवशी सकाळी ती टोपलीबाहेर उभी होती. तुरा धुऊन विटलेल्या कापडासारखा फिकट. अंडी हाताला गार लागली. तिला उचलून परत बसवावं म्हणून पोटाखाली हात घातला, तर मनगटापर्यंत बारीक पिवळट उवा चढल्या. मी किंचाळून हात झटकला. शेपटीखाली पिसं फाकवून पाहिली तर पिसांच्या बुडाशी लिखांचे पुंजके, साबुदाणा चिकटावा तसे. अशा अंगानं ती सतरा दिवस बसली तरी कशी, याचंच मला नवल वाटतं.

अंडी आम्ही बल्बखाली ठेवून पाहिली. दोन पिल्लं बाहेर आली आणि संध्याकाळपर्यंत गेली. नऊ अंडी नासली. माझी मुलगी तेव्हा पहिलीत होती; ती रात्री जेवली नाही. कवडीही पुढं आठवडाभरातच गेली. बाकीच्यांचीही अंडी थांबली होती, कारण उवा सगळ्यांच्याच अंगावर झाल्या होत्या. आत्याबाईंनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. फक्त रात्री भांडी लावताना म्हणाल्या, "तिला अंगाला माती कुठं र्‍हायली हुती गं?" त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं.

आता ऐका माझा दुसरा पराक्रम. राख नाही म्हणून हे झालं ना? मग राख आणू या! पलीकडच्या आळीत एकीकडं अजून तांब्याचा बंब पेटतो. तिथून पाटीभर राख आणली आणि खुराड्यात सगळीकडं जाड पसरली. पावसाळी हवा, खुराड्यात ओली विष्ठा, आणि तिच्यावर ही राख! दुसऱ्या दिवशी खुराड्याचं दार उघडलं तर असा झणका आला की माझ्याच डोळ्यांतून पाणी आलं. कोंबड्या डोळे मिटून, चोची उघडून बसलेल्या. एक पाटीत घातली आणि पशुवैद्यकीय दवाखाना गाठला. डॉक्टर आधी हसले. म्हणाले, "बाई, राख अल्कधर्मी असते. ओल्या विष्ठेत ती मिसळली की अमोनिया सुटतो. तुम्ही कोंबड्यांच्या डोळ्यांतच अमोनिया घातलात!" खुराडं रिकामं करून घासलं, भिंतीला चुना दिला, मेंढरं कोंडावीत तशा सगळ्या कोंबड्या दोन दिवस जिन्याखाली कोंडल्या. आमच्या ह्यांनी त्या दोन दिवसांत मला जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही!

पण त्या डॉक्टरांमुळंच मी हा विषय नीट समजून घ्यायला लागले. कोंबडीच्या शेपटीच्या बुडाशी तेलाची एक गाठ असते. तिथलं तेल चोचीनं घेऊन ती पिसांना लावते. ते तेल शिळं झालं की पिसं चिकट होतात. कोरडी माती ते जुनं तेल शोषून घेते आणि अंग झाडलं की मातीबरोबर ते निघून जातं. साधारण दिवसाआड, बहुधा दुपारच्या वेळी, ती ही अंघोळ करते. रानकोंबडीतही हीच खोड आहे. माती नसली तरी ही ओढ जात नाही. लोखंडी पिंजऱ्यातल्या कोंबड्या जाळीवरच पडून पंख मारतात, आमच्या कवडीनं कोब्यावर मारले तसे. हे वाचलं त्या दिवशी मी ती चित्रफीत मोबाइलमधून काढून टाकली.

युरोपात १ जानेवारी २०१२ पासून जुन्या पद्धतीच्या उघड्या-बोडक्या पिंजऱ्यांना कायद्यानं बंदी आली, आणि कोंबडीला चोच मारायला, खरडायला काहीतरी भुसामाती द्यायलाच हवी असं ठरलं. हे आत्याबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "त्येला कायदा कराय लागला व्हय?"

राखेचं काम काय, तर उवांचं. किड्याच्या अंगावर मेणासारखा पातळ थर असतो, त्यामुळं त्याच्या अंगातला ओलावा टिकतो. राखेची बारीक, खरखरीत भुकटी तो थर खरवडते, शोषते, आणि कीड वाळून मरते. आपल्या आज्या कडधान्याला राख चोळून ठेवायच्या ना, त्यातलंच हे. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी कोंबड्यांना लोळायला वाळूचे डबे दिले. कुठं वाळूत एका जातीची बारीक पांढरी माती, कुठं चिनीमाती, कुठं गंधक मिसळलं. ज्या कोंबड्या त्यात लोळल्या त्यांच्या अंगावरची कीड आठवड्याभरात खूपच घटली. पण मातीचे डबे काढून घेतले तशी कीड परत वाढली. त्या प्रयोगात राख नव्हती, तेव्हा राखेला मी त्याचं प्रशस्तिपत्र देत नाही. मात्र डबा काढून घेतल्यावर काय होतं, हे मला कुणी प्रयोग करून सांगायची गरज उरली नव्हती.

आता आमच्याकडं काय केलंय ते सांगते. महामार्गावरच्या पंक्चरवाल्याकडून ट्रकचा एक बाद टायर आणला. जिन्याखाली, जिथं पावसाचा शिंतोडा येत नाही, तिथं तो आडवा टाकला. कृष्णाकाठच्या रानातला पोयटा उन्हात वाळवून, ढेकळं फोडून चार घमेली भरला आणि त्यात एक घमेलं चाळलेली राख. माती जास्त, राख कमी. नुसती राख भरू नका. ती फार हलकी, उडून कोंबडीच्या नाका-छातीत जाते आणि त्या शिंकत बसतात. आणि ओल लागू देऊ नका. राख भिजली की तिचं खारं पाणी होतं. पूर्वी राखेनं भांडी घासून आपल्या हातांना भेगा पडायच्या, त्या याच खारामुळं. मग कोंबडीच्या पायाची गत काय होईल? म्हणून टायरातली माती दगडासारखी बसली किंवा दमट लागली की मी ती काढून शेवग्याला घालते आणि नवी भरते.

राख कुठली, यावरही पुष्कळ आहे. बाभळीची, आंब्याची, बोरीची, शेणीची, साध्या जळणाची राख चालते. रंग दिलेल्या फळ्या, प्लायवूड, प्लॅस्टिक, छापील खोकी जाळलेली राख अजिबात नको. आमच्या भागात थंडीत गुऱ्हाळं लागतात, तिथं चिपाडाची राख ढिगानं मिळते. मीही एकदा पोतं घेऊन गेले. पण चिपाडाच्या राखेत वाळूचा अंश जास्त, ती फारच बारीक उडते. शिवाय काही ठिकाणी काहिलीखाली जुने टायरही जाळतात, त्यामुळं विचारल्याशिवाय घेऊ नये. मी पोतं तसंच रिकामं परत आणलं. आणि हो, राख आणल्या आणल्या टायरात ओतू नका. वरून गार दिसली तरी आत निखारा दोन-दोन दिवस धगधगत असतो. झाकणाच्या लोखंडी डब्यात तीन-चार दिवस ठेवावी, मग चाळावी.

उवा आधीच झाल्या असतील तर नुसता टायर ठेवून भागत नाही, हेही सांगायला हवं. त्या वर्षी आमच्या उरलेल्या कोंबड्या मी एकेक करून मांडीवर घेतल्या आणि पंखाखाली, शेपटीखाली तीच राखमाती हळू हातानं चोळली. डोळे, नाक सांभाळून. पुन्हा आठ-दहा दिवसांनी तेच. कारण लिखा राखेनं मरत नाहीत, आठवड्याभरात फुटतात, आणि तेवढ्यात गाठलं तरच साखळी तुटते. उवांचा सगळा जन्म कोंबडीच्या अंगावरच जातो, त्यामुळं हे जमतं. (माणसाच्या डोक्यात त्या राहत नाहीत, मुलीच्या शाळेत कळवायला जाऊ नका, मी जाणारच होते!) दोन कोंबड्यांना तरीही उतार पडला नाही. त्यांना दवाखान्यातून पावडर आणून लावली, आणि तेवढे दिवस त्यांची अंडी खायची नाहीत हेही विचारून घेतलं. उगीच राखेचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

दुसरी एक कीड आहे, तांबडी, खसखशीएवढी, शेतातल्या लाल कोळीच्या जातकुळीतली. ती दिवसा खुराड्याच्या फटीत लपते आणि रात्री कोंबडीचं रक्त पिते. तिला हा टायर पुरा पडत नाही. रात्री बॅटरी घेऊन फटी बघाव्या, फळ्या काढून घासाव्या, चुना द्यावा.

सगळ्यांत अवघड काय गेलं सांगू? राख मिळवणं. एके काळी घराघरातून नको म्हणून टाकत होते, ती आता मागायला जावं लागतं. २०१६ नंतर उज्ज्वलाची टाकी घरोघरी आली, बायकांच्या डोळ्यांतला धूर गेला, फार चांगलं झालं. मला काही चूल परत नकोय. पण बंबवालीकडं डबा घेऊन गेले की तिची सून ओरडते, "आत्ती, बाई आल्या वो राख न्यायला!" शाळेतल्या बाई राखेला येतात, याची तिला भारी मौज वाटते. बदल्यात मी तिच्या मुलाचे निबंध तपासून देते. एका डब्याला एक निबंध, असा आमचा दर आहे.

कोबाही मी थोडा फोडून घेतला. शेवग्याकडची बाजू, चार फूट बाय सहा फूट. ज्या गवंड्यानं घातला होता त्यालाच बोलावलं. तो काही बोलला नाही, पण पैसे मोजून घेताना मिशीत हसला.

आठवर परत यायला आम्हाला दोन वर्षं लागली. यंदा ज्येष्ठात नवी कवडी ११ अंड्यांवर बसली होती. टोपलीच्या तळाला बोटभर राखमाती, वर भुसा. रोज दुपारी उठायची, टायरात पडायची, परत जायची. एकविसाव्या दिवशी नऊ पिल्लं निघाली. चौथ्या दिवशी तिनं ती टायराशी नेली. पिल्लांना कड चढता येईना, म्हणून मुलीनं विटेची पायरी केली. आत पडली तशी एवढाली ती पिल्लं, कुणी न शिकवता, एका अंगावर पडून इवलाले पंख मारायला लागली.

आत्याबाईंचा मोतीबिंदू काढलाय, तरी बारीक दिसत नाही. पण सकाळी मी शाळेला निघायच्या आधी राख चाळते तेव्हा त्या शेजारी येऊन बसतात, चाळणीखालच्या ढिगात हात घालतात आणि चिमूट बोटांत चोळून बघतात. काल म्हणाल्या, "खडा र्‍हायलाय गं यात." आणि परत चाळायला लावली. माझा पहिला तास बुडता बुडता राहिला.